वाचक विचारतात : बोअरचं पाणी, शहाबादी फरशी आणि फिनाइलचा कॅन

दुकानं, कार्यालयं, मंगल कार्यालयं, क्लासेसच्या इमारती यांची साफसफाई पर्यावरणाला कमीत कमी त्रास देऊन कशी करता येईल, याबद्दल आम्ही प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे : 'कोणतं लिक्विड घ्यावं?' आमची उत्तरं मात्र लिक्विडच्या आधीच्या गोष्टींपाशी जास्त रेंगाळली आहेत. पाणी किती जड आहे, फरशी कोणत्या दगडाची आहे आणि माप कोणाच्या हातात आहे, हे ठाऊक नसेल तर सगळ्यात महागडं 'इको' लिक्विडसुद्धा गटारात जाणारा खर्चच ठरतं.

प्रश्न : आमच्या व्यापारी संकुलात जिने, बोळ आणि लॉबी मिळून साधारण 9,000 चौरस फूट जागा आहे. खाली व्हिट्रिफाइड टाइल, जिन्यांना काळा ग्रॅनाइट. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. पुसल्यावर ग्रॅनाइटवर पांढुरके पट्टे उमटतात आणि टाइलवर चप्पल चिकटते. ठेकेदार म्हणतो, लिक्विड वाढवा. रोज वीसेक बादल्या पाणी लागतं. काय करावं? — संकुलाचे व्यवस्थापक, लातूर

उत्तर : तुमच्या फरशीला दोन वेगळे आजार आहेत आणि ठेकेदाराचं औषध त्यातला एक वाढवणारं आहे.

पांढरे पट्टे पाण्याचे आहेत. काळ्या पाषाणातून झिरपून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जातं, क्षार फरशीवर राहतात. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात जडपणाची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावं असं म्हटलं आहे. तुमचं पाणी यात कुठे बसतं ते प्रयोगशाळेत तपासून घ्या. तोवर घरच्या घरी अंदाज घेता येतो. दोन सारख्या बाटल्यांत अर्ध्यापर्यंत पाणी भरा, एकीत बोअरचं, दुसरीत आरओचं. दोन्हीत अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस टाकून हलवा. ज्या बाटलीत फेस न होता दह्यासारखी साय धरते, ते पाणी जड.

चिकटपणा लिक्विडचा आहे. गरजेपेक्षा जास्त घातलेलं लिक्विड धुवून निघत नाही, पातळ थर होऊन बसतं आणि त्यावर धूळ जमते. फरशी मळकट दिसते म्हणून आणखी लिक्विड पडतं, थर आणखी जाड होतो. खात्री करायची असेल तर हातभर जागा नुसत्या साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने जोरात घासा. फेस आला तर तो फरशीत साठलेल्या जुन्या लिक्विडचा आहे.

आधी हा थर काढा. दहा लिटर पाण्यात 20 ग्रॅम लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिडची पूड, विरघळवून फक्त व्हिट्रिफाइड टाइलवर एकदा मॉप फिरवा आणि लगेच दोनदा साध्या पाण्याने पुसा. त्यानंतर आठवडाभर लिक्विड बंद. या काळात फरशी वाईट दिसली तरी दम धरा, थर सुटतानाच ती तशी दिसते.

मग माप. डब्यावर 1:100 लिहिलं असेल तर दहा लिटरच्या बादलीला 100 मिलि, 1:200 असेल तर 50 मिलि. 'एक टोपण' हे माप नव्हे, कारण प्रत्येक कंपनीचं टोपण वेगळं असतं. औषधाच्या दुकानातला मापाचा कप साखळीने कॅनला बांधून ठेवा. त्याहून बरं म्हणजे सकाळी एकाच माणसाने सगळ्यांसाठी मिश्रण करायचं आणि मूळ कॅन कुलपात. तसंही लॉबी आणि बोळांत बहुतेक कोरडी धूळच असते. तिला आठवड्यातले चार दिवस साधं पाणी पुरतं.

आता पाण्याचा हिशेब. 2016 च्या उन्हाळ्यात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे रोज वीस बादल्या फरशीवर ओतणं मनाला पटत नाही. ओलं पुसण्याआधी कोरडं काढा. 60 सेंमीचा कोरडा मॉप इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, न उचलता ओढत न्यायचा. खराट्याने किंवा केरसुणीने झाडलं तर धूळ उडते आणि तासाभराने पुन्हा खाली बसते. नंतर सपाट मायक्रोफायबर मॉप, 40 सेंमीचे पॅड. पॅड आधीच मिश्रणात भिजवून पिळून डब्यात रचून ठेवायचे. एक पॅड 15 ते 20 चौरस मीटरला वापरायचा, मळला की काढून नवा लावायचा. मळका पॅड पुन्हा स्वच्छ मिश्रणात बुडवायचा नाही, सगळी बचत याच नियमावर उभी आहे. तुमची जागा सुमारे 840 चौरस मीटर, म्हणजे 45 ते 50 पॅड. पॅडला पाव लिटर धरलं तरी बारा-तेरा लिटर, त्यात पॅड धुण्याचं पाणी मिळवा. एकूण शंभर लिटरच्या आत काम होतं. दहा लिटरच्या वीस बादल्या म्हणजे दोनशे लिटर होत्या. एकदम पन्नास पॅड घेणं परवडत नसेल तर दोन बादल्यांची पद्धत ठेवा : एकीत मिश्रण, दुसरीत मळका मॉप खंगाळायचं साधं पाणी. पाणी गढूळ झालं की बदलायचं, साधारण 50-60 चौरस मीटरनंतर.

पॅड धुताना सॉफ्टनर आणि ब्लीच वर्ज्य. सॉफ्टनरने धाग्यांच्या फटी बुजतात, ब्लीचने धागा झिजतो. सुती फडक्यांबरोबरही धुऊ नका, सुताचे तंतू पॅडमध्ये अडकतात. जड पाण्यात धुणार असाल तर दहा लिटरला चहाचा एक चमचा धुण्याचा सोडा घाला, तो कॅल्शियम खाली बसवतो. हाच सोडा फरशी पुसायच्या पाण्यात मात्र घालू नका, त्याचेच पांढरे डाग पडतील. मायक्रोफायबर म्हणजे शेवटी प्लास्टिकचा धागा. धुताना त्याचे बारीक तंतू सुटतात हेही लपवण्यात अर्थ नाही. मशीनच्या बाहेर जाणाऱ्या नळीला जाड कापडाची पिशवी बांधली तर त्यातले काही अडतात. पिशवीतला मळ सुक्या कचऱ्यात टाकावा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण तिथूनच सुरुवात करायला हवी होती : दारातलं पायपुसणं. इमारतीतली बहुतेक माती चपलांबरोबर येते. बाहेर लोखंडी जाळी किंवा काथ्याचं खरबरीत पायपुसणं आणि आत धाग्याचं, दोन्ही मिळून निदान तीन मीटर, म्हणजे येणाऱ्याची प्रत्येक चप्पल दोनदा तरी घासली जाईल. पावसाळ्यात आपली काळी माती चिखल होऊन चिकटते. ती ओली असताना पुसायला गेलात तर सगळीकडे लिंपली जाते. आधी पत्र्याने खरवडा किंवा वाळू द्या, मग झाडा, मग पुसा. पायपुसण्याखाली साठलेली रेती दर आठवड्याला काढा. टाइलची चकाकी तीच घालवते.

प्रश्न : आमच्या इमारतीत तळमजल्याला रस सेंटर आहे. मोसंबीच्या साली भरपूर निघतात म्हणून बायो-एन्झाइम करायला लागलो आणि सगळी इमारत त्यानेच पुसायला लागलो. दोन महिन्यांत लॉबीतल्या शहाबादी फरशीची चमक गेली, हात फिरवला तर खरखरीत लागते. चूक कुठे झाली? — इमारतमालक, जालना

उत्तर : साली वाया न घालवण्याचा विचार उत्तम, जागा चुकली. बायो-एन्झाइम हे नाव मोठं आहे, पण त्यात सफाई करणारा मुख्य घटक आंबून तयार झालेलं आम्ल आहे, व्हिनेगरमधलंच. शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे तिन्ही चुन्याचे दगड. आम्ल लागलं की दगडाचा पृष्ठभाग विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. रोज थोडं थोडं हेच झालं. ही घाण नव्हे, झीज आहे, म्हणून कोणत्याही लिक्विडने परत येणार नाही. घासाई-पॉलिश करणाऱ्या कारागिराकडून फरशी घासून घ्या आणि नंतर दगडात मुरणारा सीलर लावा. पुढे रोजच्यासाठी साधं पाणी आणि आठवड्यातून एक-दोनदा न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कही (आम्लाच्या उलट गुणाचं) नाही असं, सातच्या आसपास पीएच असलेलं लिक्विड.

कोणत्याही अनोळखी फरशीवर आधी कोपऱ्यात लिंबाचे दोन थेंब टाकून पाहावेत. बारीक बुडबुडे आले तर तिथे लिंबू, व्हिनेगर, बायो-एन्झाइम, संडासचं ॲसिड काहीही चालणार नाही. थेंब लगेच पुसून पाण्याने धुवा.

तुमचं द्रावण फेकू नका. बेसिन, संडासचं भांडं, व्हिट्रिफाइड टाइल आणि काचा यांना ते चांगलं. पुसायला दहा लिटरमध्ये अर्धा लिटर, भांड्यात तसंच ओतून अर्ध्या तासाने ब्रश. पाणी मिसळलेलं त्याच दिवशी संपवा, ते टिकत नाही. आणि त्यावर जंतुनाशकाचा भरवसा ठेवू नका, ते घाण काढतं, जंतू मारल्याची खात्री देत नाही.

करण्याची रीतही नीट लिहितो, कारण बरेच डबे इथेच बिघडतात. प्रमाण गूळ 1, साली 3, पाणी 10, सगळं वजनाने. 30 लिटरच्या प्लास्टिक ड्रमला दीड किलो गूळ, साडेचार किलो धुतलेल्या साली, 15 लिटर पाणी. वरची एक तृतीयांश जागा रिकामी हवी, वायूला ती लागते. काचेची बरणी आणि धातूचं भांडं नको. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडा, नाहीतर झाकण उडतं. सावलीत 90 दिवस ठेवा. वर पांढरी साय आली तर घाबरू नका, हलवा. काळी-हिरवी बुरशी आणि कुजका वास आला तर मूठभर गूळ घालून आणखी महिनाभर थांबा. पाणी शक्यतो पावसाचं किंवा आरओचं घ्या, बोअरच्या पाण्यातले क्षार आम्लाचा काही भाग खाऊन टाकतात. नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन जाऊ द्या. शेवटी मलमलने दोनदा गाळा आणि पीएचच्या पट्टीवर 4 च्या खाली आहे का पाहा. पुसलेल्या जागी मुंग्या लागल्या तर समजा गूळ शिल्लक आहे, द्रावण कच्चं आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तिच्या सालीलाही इतकं काम आहे, फक्त शहाबादीवर नाही.

प्रश्न : व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून केलेलं 'नैसर्गिक क्लीनर' कितपत चांगलं? — दुकानदार, बीड

उत्तर : फेस छान येतो, काम होत नाही. आम्ल (व्हिनेगर) आणि अल्क (सोडा) एकमेकांना मारतात आणि उरतं ते सोडियम ॲसिटेट घातलेलं पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरा : सोडा ओलसर फडक्यावर घेऊन बेसिनचा तेलकट थर घासायला, व्हिनेगर नळावरचे पांढरे डाग काढायला.

प्रश्न : आमच्या क्लासेसच्या इमारतीत मुलांच्या मुतारीचा वास दुपारपर्यंत जिन्यात येतो. आठवड्यातून दोनदा ॲसिड टाकतो, डांबर गोळ्या रोज. सुट्टीत इमारत बंद असली तरी मे महिन्यात वास उलट वाढतो, हे कळत नाही. — संचालक, नांदेड

उत्तर : डांबर गोळी वास घालवत नाही, वासावर दुसरा वास ठेवते. ती नॅप्थलीनची असते नाहीतर पॅराडायक्लोरोबेंझिनची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे दोन्ही पदार्थ माणसाला कर्करोग होण्याची शक्यता असलेल्यांच्या यादीत ठेवले आहेत. बंद मुतारीत रोज मुलांनी तो वाफारा घ्यावा असं काही नाही. आजपासून बंद करा.

खरा वास भांड्याच्या तळाशी आणि पाइपमध्ये बसलेल्या पिवळट-तपकिरी खड्यात आहे. लघवीतल्या युरियाचा जंतू अमोनिया करतात. त्याने पीएच वाढतो, आणि लघवीतले व जड पाण्यातले क्षार मिळून दगडासारखा थर धरतात. थर सच्छिद्र असतो, त्यातच जंतू राहतात. संडासच्या ॲसिडने वरचा भाग जातो, पण ते दोन मिनिटांत वाहून जातं, आणि जाता जाता क्रोमचे नळ, टाइलच्या सिमेंटच्या सांध्या आणि सफाई करणाऱ्याचा श्वास बिघडवतं.

शनिवारी संध्याकाळी क्लास सुटल्यावर असं करा. हातमोजे आणि चष्मा घालून एक लिटर कोमट पाण्यात 100 ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा. टिश्यू पेपर किंवा जुनं सुती कापड त्यात बुडवून पिवळ्या थरावर चिकटवा, म्हणजे द्रावण वाहून न जाता रात्रभर तिथेच राहील. सकाळी ब्रशने घासून भरपूर पाणी सोडा. जुना थर तीन-चार वेळा केल्यावर पूर्ण निघतो. नंतर आठवड्याला एकदा लिटरला 50 ग्रॅम पुरे. भांड्याखालचा बॉटल ट्रॅप, म्हणजे नळीतला पाणी साठवणारा बाटलीसारखा भाग, प्लंबरकडून उघडून आतला खडा काढून घ्या. वर कितीही घासलं आणि हे राहिलं तर वास राहणारच. भांड्यांच्या मधल्या भिंती संगमरवराच्या असतील तर त्यांना द्रावण लागू देऊ नका.

भांड्याभोवतीची फरशीही विसरू नका, सांध्यांत लघवी मुरते. तिथे जिवाणू असलेलं एन्झाइम क्लीनर ओतून तासभर ओलं राहू द्या. त्या दिवशी तिथे फिनाइल किंवा ब्लीच टाकलं तर ते जिवाणू मरतील आणि पैसे फुकट जातील.

मे महिन्यातलं कोडं सोपं आहे. फरशीतल्या जाळीखाली जो ट्रॅप असतो, त्यात साधारण दोन इंच पाणी साठून गटाराची हवा अडवतं. आपल्याकडच्या चाळीस अंशांवरच्या कोरड्या उन्हाळ्यात वापर नसेल तर ते पाणी उडून जातं आणि गटार थेट खोलीत उघडतं. बंद इमारतीतही दर सोमवारी आणि शुक्रवारी प्रत्येक जाळीत लिटरभर पाणी ओता. महिनाभर कुलूप लागणार असेल तर पाण्यावर चमचाभर तेल सोडा, तवंगाखाली पाणी जास्त टिकतं. कित्येक ठिकाणी एवढ्याने वास थांबतो आणि फिनाइलचा खर्च निम्म्यावर येतो.

प्रश्न : मंगल कार्यालय आहे. प्रत्येक लग्नानंतर पाच लिटर फिनाइल आणि वर ब्लीचिंग पावडर असं धुऊन काढतो. सेप्टिक टँक वर्ष-दीड वर्षात भरतो आणि वास येतो. शिवाय हळदीचे डाग साबणाने घासले की लाल होतात. — व्यवस्थापक, परभणी

उत्तर : सेप्टिक टँक चालतो तो जिवाणूंवर. पाच लिटर फिनाइल आणि ब्लीचिंग एका दिवशी खाली गेलं की ते मरतात, मैला पचायचा थांबतो आणि गाळ लवकर साठतो. संडासात रोज ब्रश आणि थोडं सौम्य लिक्विड पुरे. जंतुनाशक फक्त भांड्याच्या कडेला, कडी-कोयंड्यांना, नळाच्या तोट्यांना. टँक 'जिवंत' करणारी पावडर विकत घ्यायची गरज सहसा नसते, विष जाणं थांबलं की जिवाणू आपोआप वाढतात.

दुसरं कारण स्वयंपाकघर असणार. पंगतीच्या भांड्यांचं तेल टँकमध्ये जात असेल तर वर जाड साय धरते. भांडी धुण्याआधी रद्दी कागदाने किंवा राखेने पुसून घ्या, ते ओल्या कचऱ्यात. मोरीच्या बाहेर तेल अडवणारा चेंबर बांधा आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर वरचं तेल काढा. तळणाचं उरलेलं तेल मोरीत ओतायचं नाही, डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्याला द्या.

गाळ आणि साय मिळून टँकचा एक तृतीयांश भरला की उपसा करा, तोही मशीनच्या टँकरनेच. कोणत्याही माणसाला टँकमध्ये उतरवू नका, 'पाच मिनिटांचं काम' म्हणूनसुद्धा नाही. आतला वायू दोन श्वासांत माणूस आडवा करतो, आणि 2013 च्या कायद्याने अशी धोकादायक हाताने सफाई करवून घेणं गुन्हा आहे.

हळद अल्कात लाल होते. साबण आणि सोडा दोन्ही अल्क, म्हणून डाग लाल दिसतो. तो वाढलेला नाही, साध्या पाण्याने धुतला की परत पिवळा होतो. औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड 6 टक्क्यांचं असेल तर तितकंच पाणी मिसळून डागावर 15 मिनिटं ठेवा आणि पुसा. उघड्या अंगणातला डाग तर उन्हानेच फिकट होतो. अक्षता आणि फुलं मात्र पाणी टाकण्याआधी कोरडी झाडून घ्या. भिजलेला तांदूळ जाळीत जाऊन फुगतो.

प्रश्न : ब्लीच नेमकं किती घालायचं? डब्यावर काहीच नीट लिहिलेलं नाही. — दवाखान्याच्या इमारतीचे पर्यवेक्षक, हिंगोली

उत्तर : बाजारातलं सोडियम हायपोक्लोराइट 5 टक्क्यांचं धरलं, तर दारांच्या मुठी, कठडे, बेसिनसाठी 0.1 टक्का पुरतं : 20 मिलि ब्लीच आणि 980 मिलि पाणी. ब्लीचिंग पावडर असेल तर लिटरला 3 ग्रॅम, गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ वापरा. आधी लिक्विडने पुसून मग ब्लीच, कारण घाणीवर टाकलेलं क्लोरीन घाणीतच संपतं. 10 मिनिटं पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे, मग साध्या पाण्याने पुसा. रक्त किंवा उलटी सांडली असेल तर हे प्रमाण पुरत नाही, तिथे दवाखान्याचा नियम पाळा. उन्हाने आणि उष्णतेने ब्लीच मरतं. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेला कॅन मे महिन्यात भलताच कमजोर होतो. म्हणून लहान कॅन, ताज्या तारखेचा, सावलीत. वाटतं तितक्या जागी ब्लीच लागतही नाही. रिसेप्शनची फरशी आणि कार्यालयाच्या भिंती रोज ब्लीचने पुसण्यात काही मिळत नाही.

प्रश्न : एसीचं आणि आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला वापरता येईल का? — बँकेच्या इमारतीची देखभाल करणारे, धाराशिव

उत्तर : दोन्ही 'वाया' पाणी म्हणतात, पण एकमेकांच्या अगदी उलट.

आरओमधून बाहेर पडणारं पाणी आधीपेक्षा खारट असतं. लहान यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन लिटर बाहेर जात असेल आणि बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला 1,000 मिलिग्रॅम असेल, तर बाहेरच्या पाण्याचा 1,400 च्या वर जातो. संडासात ओतायला, अंगण आणि पायपुसणी धुवायला ते घ्या. काच, ग्रॅनाइट, कूलर यांना लावू नका. झाडांनाही रोज नको, कुंडीत क्षार साठतात.

एसीचं पाणी हवेतली वाफ गार होऊन पडलेलं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. काचा आणि काळ्या ग्रॅनाइटला याहून चांगलं पाणी मिळणार नाही. पाच लिटरला चहाचा एक चमचा भांड्याचं लिक्विड, ओल्या फडक्याने काच चोळून वरून खाली रबरी वायपर, सकाळी सावलीच्या बाजूला. उन्हात काच पुसली की वायपर पोहोचण्याआधीच थेंब वाळतात. मात्र हिशेब पावसाळ्याचा मांडा. एप्रिल-मे मध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की एसीतून फारसं पाणी पडतच नाही, जून ते ऑक्टोबर चांगलं मिळतं. ते पिण्याचं नाही. आणि टाकीला जाळीचं घट्ट झाकण हवं, आठवड्यात एकदा ती पूर्ण रिकामी व्हायला हवी, नाहीतर डेंग्यूच्या डासांना स्वच्छ पाणी मिळतं.

प्रश्न : 'हर्बल', 'इको', 'ग्रीन' लिहिलेल्या कॅनवर किती विश्वास ठेवावा? ठेकेदाराशी करार कसा करावा? — कार्यालय व्यवस्थापक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नुसत्या हिरव्या पानाच्या चित्रावर अजिबात नको. भारतात इकोमार्क ही सरकारी खूण 1991 पासून आहे, तिचं चिन्ह मातीचं मडकं. 2024 मध्ये तिचे नवे नियम आले, आणि त्याच वर्षी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पुराव्याशिवाय पर्यावरणाचे दावे करण्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वंही काढली. म्हणजे पुरावा मागण्याचा तुमचा हक्क पक्का आहे. विक्रेत्याकडे सेफ्टी डेटा शीट (लिक्विडमधले घटक आणि धोके सांगणारा कागद), पीएच आणि पाणी मिसळण्याचं प्रमाण लेखी मागा. तिन्ही देता येत नसतील तर कॅन परत.

करारात लिक्विडचं बिल वेगळं ठेवलं की जितकं जास्त ओतलं जाईल तितकं बिल, असा हिशेब होतो. क्षेत्रफळावर ठराविक रक्कम ठरवा, त्यात लिक्विड धरा, आणि दर महिन्याला किती लिटर लिक्विड व किती बादल्या पाणी लागलं याची नोंद मागा. मात्र रक्कम इतकी कापू नका की ठेकेदार सफाई कामगाराच्या मजुरीतून ती भरून काढेल.

प्रश्न : माझी आई एका संकुलात सफाईचं काम करते. हाताला भेगा पडल्यात, बाथरूम धुतल्यावर खोकला लागतो. संडास लवकर पांढरा व्हावा म्हणून ती ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र टाकते. तिला काय सांगू? — एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आजच सांगा : ॲसिड आणि ब्लीच एकत्र कधीच नाही. दोघांतून क्लोरीन वायू निघतो आणि लहान खोलीत तो फुप्फुसाला इजा करतो. खोकला त्याचाच असण्याची दाट शक्यता आहे. लिंबूसत्व, व्हिनेगर, बायो-एन्झाइमसुद्धा आम्लच, तेही ब्लीचबरोबर नाही. मुतारीत ब्लीच ओतणंही टाळावं, लघवीतल्या अमोनियाशी मिळून वेगळा विषारी वायू होतो. चुकून झालं तर बाहेर मोकळ्या हवेत यायचं, पाणी मारायला आत परत जायचं नाही. धाप लागत असेल तर थेट दवाखाना. खोकला दोन-चार दिवसांत थांबला नाही तरी डॉक्टरांना दाखवा आणि काय काय वापरते ते त्यांना सांगा.

हातांसाठी कोपरापर्यंतचे नायट्राइलचे मोजे, कडा बाहेरून दुमडून, म्हणजे हात वर केला की पाणी आत ओघळत नाही. आत सुती मोजे घातले तर घाम कमी त्रास देतो. काम संपल्यावर साध्या पाण्याने हात धुऊन, पुसून लगेच खोबरेल तेल. फवारा हवेत मारायचा नाही, फडक्यावर मारून मग पुसायचं. लिक्विड नेहमी पाण्यात ओतायचं, लिक्विडवर पाणी नाही, त्याने अंगावर उडतं.

हे मोजे आणि चष्मा घेणं आईचं काम नाही, ते कामावर ठेवणाऱ्याने द्यायचे आहेत. मागायला संकोच वाटत असेल तर हा अंक व्यवस्थापकाच्या टेबलावर ठेवा. आणि एवढं एक तुम्ही स्वतः करू शकता : पाण्याच्या जुन्या बाटल्यांत भरलेली लिक्विडं रिकामी करून वेगळ्या रंगाच्या बाटल्यांत भरा आणि प्रत्येकीवर ठळक मराठीत नाव, प्रमाण आणि 'कशात मिसळू नये' हे लिहून चिकटवा. आईला वाचता येत नसेल तर लाल पट्टी ॲसिडला, निळी ब्लीचला, आणि दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या फळीवर.